चौकशी नागरिकांची, निकाल खात्याचा: अमेरिकी शहरांतील वर्णन्याय आणि पोलिसांवरील देखरेख

7 जून 2020 रोजी मिनिआपोलिसच्या पावडरहॉर्न पार्कमध्ये शहराच्या 13 पैकी 9 नगरसेवक एका मंचावर उभे राहिले. शहराचे पोलीस खाते मोडीत काढू, असा शब्द त्यांनी जमलेल्या लोकांना दिला. त्याआधी दोन आठवड्यांच्या आतच, 25 मे रोजी, डेरेक शॉविन या गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून धरला आणि भर रस्त्यात त्याचा जीव घेतला. नगरसेवकांचा शब्द मात्र टिकला नाही. खाते बदलायचे तर शहराची सनद बदलावी लागते, आणि सनद आयोगाने तो प्रस्ताव त्या वर्षीच्या मतपत्रिकेपर्यंत पोहोचूच दिला नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये तो मतदारांपुढे आला तेव्हा सुमारे 56 टक्के मतदारांनी तो फेटाळला.

या घोषणेची जगभर चर्चा झाली. त्याहून महत्त्वाची गोष्ट चर्चेबाहेर राहिली. फ्लॉइडच्या मृत्यूपूर्वी शॉविनविरुद्ध डझनाहून अधिक तक्रारी दाखल झाल्या होत्या आणि जवळजवळ सगळ्या शिक्षेविना बंद झाल्या होत्या. मिनिआपोलिसमध्ये 1990 पासून नागरिकांचे तक्रार मंडळ होते. परंतु 2012 मध्ये मिनेसोटाच्या विधिमंडळाने कायदा करून अशा मंडळांचा निष्कर्ष काढण्याचा अधिकारच काढून घेतला. पोलिसाने गैरवर्तन केले की नाही, हे त्यांनी ठरवायचे नाही. त्याच वर्षी शहराने जुने मंडळ बंद करून पोलीस खात्याच्या सहभागाने चालणारी नवी यंत्रणा आणली.

गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा अमेरिकी शहरांचा इतिहास या एका उदाहरणात सापडतो. दंगल होते किंवा एखादी चित्रफीत बाहेर येते. शहर हादरते, मंडळ नेमले जाते. पुढे लोकांचे लक्ष ओसरले, की त्या मंडळाचे अधिकार कुठल्या तरी करारात, न्यायालयात किंवा विधिमंडळात कापले जातात. वर्णन्यायाचा लढा रस्त्यावर सुरू होतो खरा, पण तो जिंकला किंवा हरला जातो महापालिकेच्या सनदेत, अंदाजपत्रकात आणि पोलीस युनियनशी होणाऱ्या सेवाकरारात.

हा प्रश्न महापालिकेचा का

मराठी वाचकाला इथे एक फरक लक्षात घ्यावा लागेल. मुंबईचे पोलीस आयुक्त राज्याच्या गृहखात्याला उत्तर देतात. मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांचा त्यांच्यावर काही अधिकार चालत नाही. अमेरिकेत देशभर सुमारे 18 हजार वेगवेगळी पोलीस खाती आहेत आणि त्यांतली बहुतेक स्थानिक आहेत. मोठ्या शहरांत पोलीसप्रमुख साधारणपणे महापौर नेमतात, अंदाजपत्रक नगरसेवक मंजूर करतात, युनियनशी करार शहर करते, आणि पोलिसाच्या हातून कोणी मेले तर नुकसानभरपाईही शहराच्याच तिजोरीतून जाते.

त्यामुळे कृष्णवर्णीयांना कशी वागणूक मिळते, हा प्रश्न थेट नगरसेवकांच्या दारात येतो. अमेरिकेत पोलिसांच्या हातून दर वर्षी हजारावर माणसे मारली जातात. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर कृष्णवर्णीय माणूस असा मारला जाण्याचे प्रमाण गोऱ्या माणसाच्या दुपटीहून जास्त आहे. मिनिआपोलिसमध्ये कृष्णवर्णीय रहिवासी सुमारे 19 टक्के आहेत. राज्याच्या मानवी हक्क विभागाने एप्रिल 2022 च्या अहवालात दाखवले, की 2010 ते 2020 या काळात पोलिसांनी नोंदवलेल्या बळाच्या वापरापैकी 63 टक्के प्रसंगी समोरची व्यक्ती कृष्णवर्णीय होती.

पहिली मंडळे आणि पहिला विरोध

नागरी तक्रार मंडळाचा पहिला प्रयोग 1948 मध्ये वॉशिंग्टन शहरात झाला. फिलाडेल्फियाने 1958 मध्ये मंडळ स्थापन केले. पोलीस युनियनच्या न्यायालयीन लढाईने ते जेरीस आले आणि 1967 मध्ये बंद पडले. न्यूयॉर्कची कथा अधिक बोलकी आहे. तिथले तक्रार मंडळ 1953 पासून होते, पण त्यात सगळे पोलीस खात्याचेच लोक. महापौर जॉन लिंडसे यांनी 1966 मध्ये त्यात चार बाहेरचे नागरिक घेतले. पोलीस युनियनने त्याविरुद्ध शहरभर जाहिरातींची मोहीम उघडली, सार्वमत घडवून आणले आणि नोव्हेंबरमध्ये मोठ्या बहुमताने ते नागरिक मंडळाबाहेर काढले गेले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, देशाच्या दुसऱ्या टोकाला ओकलंड शहरात, ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. कायद्याचे पुस्तक आणि बंदूक घेऊन गस्त घालायची, पोलिसांनी कोणाला अडवले की कायदेशीर अंतर राखून उभे राहायचे आणि त्या माणसाला त्याचे हक्क सांगायचे, हे त्यांचे पहिले काम. शहर देखरेख करत नाही, म्हणून वस्तीने ती स्वतःच्या हाती घेतली. सहा वर्षांनी, 1972 मध्ये, मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘दलित पँथर’ उभी केली तेव्हा नाव तिथूनच घेतले. दलितांवरच्या अत्याचारांत पोलीस आणि प्रशासन डोळे मिटून बसतात, हा राग त्यामागेही होता.

सरकारी पातळीवरही निदान झाले होते. 1967 च्या दंगलींनंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने कृष्णवर्णीयांच्या तक्रारींची क्रमवारी लावली. त्यात पोलिसांची वागणूक अगदी वरच्या गटात होती, आणि तक्रार ऐकणारी विश्वासार्ह यंत्रणा नसणे हेही कारण म्हणून नोंदवले गेले. ओकलंडच्या शेजारच्या बर्कली शहराने 1973 मध्ये मतदानाने असे मंडळ उभारले आणि त्याला स्वतंत्र चौकशीचा अधिकार दिला. पुढच्या अनेक शहरांनी बर्कलीकडे पाहिले.

न्यूयॉर्कला मात्र आणखी दोन दशके लागली. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी 1992 मध्ये संपूर्ण नागरी मंडळाचा प्रस्ताव मांडला. तेव्हा सुमारे दहा हजार पोलिसांनी सिटी हॉलवर निदर्शने केली, ब्रुकलिन पूल अडवला आणि महापौरांच्या वर्णावरून घोषणा दिल्या. मंडळ 1993 मध्ये सुरू झाले आणि आजही चालू आहे, पण शिक्षेचा शेवटचा शब्द पोलीस आयुक्तांचाच राहिला. एरिक गार्नर यांचा 2014 मध्ये पोलिसाने गळा आवळल्याने मृत्यू झाला. तो पोलीस बडतर्फ व्हायला पाच वर्षे गेली. अशा पोलिसांच्या शिस्तभंगाच्या नोंदी झाकणारा राज्याचा 1976 चा कायदा रद्द होण्यासाठी जून 2020 उजाडावा लागला.

केंद्राचा हात आला आणि गेला

लॉस एंजेलिसमध्ये 1991 मध्ये रॉडनी किंग यांना झालेली मारहाण एका रहिवाशाच्या कॅमेऱ्यात आली. पुढच्या वर्षी पोलीस निर्दोष सुटले तेव्हा दंगलीत पन्नासहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी शहराच्या मतदारांनी सनद बदलून पोलीसप्रमुखांच्या कार्यकाळाला मर्यादा घातली. 1994 मध्ये संसदेने केंद्रीय न्याय खात्याला नवा अधिकार दिला: एखाद्या खात्यात हक्कभंगाची पद्धतच पडली असेल तर त्या शहरावर दावा लावायचा. पिट्सबर्ग 1997 मध्ये या मार्गाने न्यायालयाच्या देखरेखीखाली आलेले पहिले शहर ठरले.

या चौकशांनी जे उघड केले, ते एकेकट्या तक्रारीतून कधीच दिसले नसते. मिझुरीतील फर्ग्युसन हे छोटे शहर घ्या. 2014 मध्ये तिथे मायकल ब्राउन हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. न्याय खात्याच्या मार्च 2015 च्या अहवालात दिसले, की शहरात कृष्णवर्णीय 67 टक्के, पण अडवलेल्या वाहनचालकांत 85 टक्के आणि अटक झालेल्यांत 93 टक्के. यामागे एका-दोघा पोलिसांचा आकस एवढेच कारण नव्हते. दंड हे शहराच्या उत्पन्नाचे मोठे साधन झाले होते आणि जास्त वसुलीसाठी शहराचे अधिकारी पोलीसप्रमुखांवर दबाव आणत होते. गवत वाढले म्हणून दंड, तो भरला नाही म्हणून आणखी दंड, तारखेला आला नाही म्हणून वॉरंट. गरीब कृष्णवर्णीय वस्ती महापालिकेच्या अंदाजपत्रकाचा भार वाहत होती. अशा शहरात तक्रार मंडळ कितीही प्रामाणिक असले तरी मूळ रोग त्याच्या कक्षेबाहेरच राहतो.

केंद्राच्या आधाराची मर्यादा 2025 मध्ये स्पष्ट झाली. पोलीस सुधारणांसाठी न्याय खात्याने मिनिआपोलिसशी केलेला करार जानेवारीत सही होऊन न्यायालयात गेला होता. मे महिन्यात, फ्लॉइडच्या पाचव्या स्मृतिदिनाच्या चार दिवस आधी, नव्या प्रशासनाच्या न्याय खात्याने तो आणि लुइव्हिल शहराशी झालेला करार, दोन्ही मागे घेण्याची पावले उचलली. फिनिक्स, मेम्फिस, ओक्लाहोमा सिटी अशा ठिकाणच्या चौकशांचे निष्कर्षही गुंडाळले. मिनिआपोलिसमध्ये आज सुधारणा चालू आहेत, त्या राज्याच्या मानवी हक्क विभागाशी झालेल्या वेगळ्या, न्यायालयमान्य करारामुळे.

शिकागो: सर्वात मोठी किंमत, सर्वात धाडसी प्रयोग

या आढाव्यात शिकागोवर थांबावेच लागते. 1972 ते 1991 या काळात जॉन बर्ज या पोलीस अधिकाऱ्याने आणि त्याच्या हाताखालच्या लोकांनी शंभराहून अधिक कृष्णवर्णीयांचा कोठडीत छळ केला. विजेचे झटके दिले, श्वास कोंडला आणि कबुलीजबाब वदवून घेतले. त्या जबाबांवर माणसे वर्षानुवर्षे तुरुंगात राहिली. बर्जवर छळाचा खटला चालला नाही, कारण मुदत उलटून गेली होती. 2010 मध्ये तो दोषी ठरला, तो शपथेवर खोटे बोलल्याबद्दल. मे 2015 मध्ये नगरसेवकांनी ठराव करून पीडितांसाठी 55 लाख डॉलर, जाहीर माफी आणि शहराच्या शाळांत हा इतिहास शिकवण्याची तरतूद केली. पोलिसी छळाबद्दल अशी परतफेड करणारे हे अमेरिकेतील पहिले शहर. हे घडले ते पीडित आणि त्यांच्या वकिलांनी तीस वर्षे पाठपुरावा सोडला नाही म्हणून.

त्याच काळात शहर दुसरे प्रकरण दडवत होते. ऑक्टोबर 2014 मध्ये 17 वर्षांच्या लॅक्वान मॅकडोनल्डला एका पोलिसाने 16 गोळ्या घातल्या. मुलगा चाल करून आला, असे पोलिसांनी सांगितले. नगरसेवकांनी एप्रिल 2015 मध्ये कुटुंबाला 50 लाख डॉलर मंजूर केले, चित्रफीत मात्र बंदच राहिली. न्यायालयाच्या आदेशाने ती 13 महिन्यांनी बाहेर आली, तेव्हा मुलगा दूर जाताना दिसला. चौकशी करणारे स्वतंत्र म्हणवणारे कार्यालय शहरात तेव्हाही होते. ते बरखास्त करून 2017 मध्ये नवे आणले गेले आणि त्याचे अंदाजपत्रक पोलीस खात्याच्या किमान 1 टक्का असेल, असे ठरावात लिहिले गेले. तिथल्या सुधारणांतली सर्वात उपयोगी ओळ हीच असावी. चौकशी अधिकाऱ्यांचे पगार दर वर्षी कोणाच्या मर्जीवर असतील, तर त्या चौकशीला स्वतंत्र म्हणता येत नाही.

त्याहून पुढचे पाऊल 2021 मध्ये पडले. शहराच्या 22 पोलीस विभागांत प्रत्येकी तीन, असे 66 प्रतिनिधी लोकांनी निवडून द्यायचे आणि त्यांच्या वर एक नागरी आयोग ठेवायचा. पहिली निवडणूक फेब्रुवारी 2023 मध्ये झाली. त्याच वर्षी या आयोगाने निवडलेल्या तीन नावांतून महापौरांनी पोलीसप्रमुख नेमला. देखरेख ही नेमणुकीची मेहेरबानी न राहता मतदाराचा हक्क झाली.

ओकलंड: आकड्यांतून आलेला बदल

पँथरांच्या ओकलंडने पुढे काय केले? 2000 साली पश्चिम ओकलंडमध्ये पोलिसांच्या एका टोळक्याने निरपराधांना मारहाण करून त्यांच्यावर खोटे गुन्हे लादल्याचे उघड झाले. 2003 मध्ये शहराने न्यायालयापुढे 51 सुधारणांचा करार केला. वीस वर्षे उलटली तरी तो पुरा झाला नव्हता. 2016 मध्ये 80 टक्क्यांहून अधिक मतदारांनी नवा पोलीस आयोग मंजूर केला. त्याला समन्स काढण्याचा, धोरणे ठरवण्याचा आणि सबळ कारणासाठी पोलीसप्रमुखांना काढण्याचा अधिकार मिळाला. 2020 मध्ये आयोगाने महापौरांच्या साथीने, कारण न देता, प्रमुखांना काढलेही. प्रमुखांनी दावा लावला आणि ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. म्हणजे अधिकार मिळाला तरी तो नियमाने, कारणे नोंदवून वापरण्याची शिस्तही मंडळाला शिकावी लागते.

ओकलंडचा खरा धडा मात्र एका साध्या प्रश्नात आहे. स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर एबरहार्ट यांच्या गटाने तिथल्या पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांतील संभाषणे तपासली. पोलीस कृष्णवर्णीय चालकांशी गोऱ्यांपेक्षा कमी आदराने बोलतात, हे 2017 मध्ये संशोधनातून सिद्ध झाले. त्यानंतर खात्याने पोलिसाने भरायच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: या माणसाला अडवण्यामागे ठोस माहिती आहे का, हो की नाही? एवढे विचारले गेल्यावर संशयापोटी अडवणे घटले. एका वर्षात अडवलेल्यांची संख्या सुमारे 32 हजारांवरून 19 हजारांवर आली आणि कृष्णवर्णीयांना अडवण्याचे प्रमाण 40 टक्क्यांहून अधिक खाली गेले. गुन्हे त्यामुळे वाढले नाहीत.

न्यूयॉर्कचा अनुभव याच्याशी जुळतो. तिथे 2011 मध्ये 6 लाख 85 हजारांहून अधिक वेळा लोकांना रस्त्यात अडवले गेले. निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते आणि सुमारे 88 टक्के लोकांवर पुढे कसलीच कारवाई झाली नाही. तक्रार मंडळ एकेक तक्रार तपासत राहिले. ही पद्धत रोखली ती 2013 च्या न्यायालयीन निकालाने, आणि महापौरांचा नकाराधिकार मोडून पोलिसांवर स्वतंत्र महानिरीक्षक आणणाऱ्या नगरसेवकांनी.

अधिकार गळतात कुठे

पहिली जागा युनियनचा सेवाकरार. घटनेनंतर पोलिसाला किती दिवसांनी प्रश्न विचारायचे, जुन्या तक्रारींच्या फायली कधी नष्ट करायच्या, निनावी तक्रार घ्यायची की नाही, हे अनेक शहरांत करारात ठरते. करार बंद दाराआड होतो. पगारवाढ परवडत नाही, तेव्हा शहर त्याऐवजी शिस्तीचे नियम सैल करून देते.

दुसरी जागा लवाद. वॉशिंग्टन पोस्टने 2017 मध्ये मोठ्या खात्यांच्या नोंदी तपासल्या. 2006 पासून गैरवर्तनासाठी बडतर्फ झालेल्या 1,881 पोलिसांपैकी साडेचारशेहून अधिक जणांना अपिलानंतर परत कामावर घ्यावे लागले होते.

तिसरी जागा राज्याचे विधिमंडळ आणि न्यायालय. नेवार्कमध्ये 1967 ची दंगल एका कृष्णवर्णीय टॅक्सीचालकाला झालेल्या मारहाणीतून पेटली. नागरी मंडळाची मागणी तेव्हाची. अधिकार असलेले मंडळ 2016 मध्ये झाले आणि न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये त्याचा समन्सचा अधिकार काढला. नॅशव्हिलच्या मतदारांनी 2018 मध्ये मंजूर केलेले मंडळ टेनेसीच्या 2023 च्या कायद्याने संपवले. फ्लोरिडाने 2024 मध्ये तोच मार्ग धरला.  शहराने मतपेटीतून मिळवलेला न्याय राज्य असा एका कायद्याने परत घेते.

विरोधातल्या बाजूचे ऐकताना

पोलिसांचा आक्षेप असा, की क्षणात घ्यायच्या निर्णयाचा न्याय खुर्चीत बसून करता येत नाही. तो आक्षेप पूर्णपणे बाजूला सारता येणार नाही. म्हणून मंडळावरच्या नागरिकांना प्रशिक्षण हवे, आरोप झालेल्या पोलिसाला बाजू मांडण्याची पुरी संधी हवी. दुसरी वस्तुस्थिती अशी, की कृष्णवर्णीय वस्त्यांना पोलीस नको आहेत, असे नाही. 2020 च्या गॅलप पाहणीत 81 टक्के कृष्णवर्णीयांनी आपल्या भागात पोलिसांची उपस्थिती आहे तेवढी किंवा त्याहून जास्त हवी, असे सांगितले. त्यांना मदतीला येणारा आणि अपमान न करणारा पोलीस हवा आहे. आणि कृष्णवर्णीय पोलीस भरती केले म्हणजे झाले, हेही खरे नाही. मेम्फिसमध्ये जानेवारी 2023 मध्ये टायर निकोल्स या तरुणाला जीवघेणी मारहाण करणारे पाचही पोलीस कृष्णवर्णीय होते.

म्हणूनच काही शहरांनी पोलिसांशी गाठ पडण्याचे प्रसंगच कमी केले. डेन्व्हरमध्ये 2020 पासून मानसिक त्रासातल्या माणसाकडे समुपदेशक आणि आरोग्यसेवक जातात. फिलाडेल्फियाच्या नगरसेवकांनी 2021 मध्ये काही किरकोळ नियमभंगांसाठी गाडी अडवायला मनाई केली.

हिशेब

या सगळ्या अनुभवांतून चार कसोट्या निघतात. मंडळाला कागद आणि चित्रफीत मिळवण्याचा हक्क आहे का? त्याच्या निष्कर्षाला शिक्षेच्या बाबतीत वजन आहे का? त्याचे पैसे कायद्याने राखून ठेवले आहेत का? आणि ते एकेका तक्रारीपलीकडे जाऊन खात्याच्या सवयी तपासू शकते का? यांतली एक जरी कसोटी हुकली तरी मंडळ कमकुवत होते. चारही हुकल्या तर ते नसलेले बरे, कारण न्याय मिळेल अशी खोटी आशा ते लोकांना लावते.

हा प्रश्न तिथल्या भारतीयांपासून दूर नाही. सिअ‍ॅटलमध्ये जानेवारी 2023 मध्ये एक भारतीय विद्यार्थिनी पोलिसांच्या भरधाव गाडीखाली मेली. तिच्या जिवाची किंमत फारशी नव्हती, अशा अर्थाचे बोलून हसणारा दुसरा पोलीस त्याच्याच अंगावरच्या कॅमेऱ्यात ऐकू आला. तो पोलीस युनियनचा उपाध्यक्ष होता. नागरी संचालकाच्या हाताखालच्या कार्यालयाने चौकशी केली आणि 2024 मध्ये त्याला बडतर्फ केले गेले. ती यंत्रणा कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी कुटुंबांनी वर्षानुवर्षे लढून मिळवलेली होती. तिचा आधार आपल्या एका मुलीलाही मिळाला.

अमेरिकेत नागरिक झालेल्या मराठी माणसांना म्हणून एवढेच सांगायचे आहे. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीइतकेच लक्ष आपल्या शहराच्या निवडणुकीकडे द्या. पोलीस करार नगरसेवकांपुढे येईल त्या दिवशी सुनावणीला जा, तीन मिनिटे मिळतात, ती वापरा. देखरेख मंडळाला किती पैसे दिले, हे अंदाजपत्रकात शोधा आणि कमी असतील तर विचारा. पोलीस युनियनचे प्रतिनिधी त्या सभागृहात प्रत्येक वेळी हजर असतात. नागरिकांनीही असायला हवे.